खरेदीखतापूर्वीची अखेरची पाहणी

सूरह अन-नहलच्या ८०व्या आयतीत अल्लाह आपल्या देणग्यांची आठवण करून देतो, तेव्हा घराचा उल्लेख सर्वप्रथम येतो. त्याने आपल्या घरांना आपल्यासाठी ‘सकन’ बनवले, असा त्या आयतीचा आशय आहे. सकन म्हणजे विसावा, जिथे मनाची धावपळ थांबते ती जागा. ज्या घराच्या व्यवहारात लपवाछपवी झाली, ज्याच्या किमतीवरून तंटा उभा राहिला किंवा ज्यात कुणाचा हक्क अडकून राहिला, त्या घरात छत मिळते. विसावा मिळतोच असे नाही.

आपल्याकडे घरखरेदी ही बहुधा आयुष्यात एकदाच घडणारी गोष्ट असते. वडिलांची शिल्लक, आईचे दागिने, आखातात राबून पाठवलेला पैसा असे सारे त्यात ओतले जाते. तरीही घर पाहिले जाते ते घाईघाईने, एकदाच, आणि तेही दलाल बोलत असताना. मग विसार दिला जातो. कागदपत्रांत तीन-चार महिने जातात. ठरलेल्या दिवशी दोन्ही पक्ष थेट दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात भेटतात आणि सह्या होतात. विसार आणि सही यांच्यामध्ये त्या घराकडे पुन्हा एकदा जाऊन ते शांतपणे पाहायला हवे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या पाठात आपण त्या राहून जाणाऱ्या फेरीविषयी दीन काय सांगतो, ते समजून घेऊ.

रजामंदी पाहण्याने पुरी होते

सूरह अन-निसाच्या २९व्या आयतीत श्रद्धावंतांना एकमेकांची मालमत्ता अन्यायाने खाण्यास मनाई आहे. त्यातून वेगळा काढला आहे तो परस्परांच्या रजामंदीने होणारा व्यापार. म्हणजे दुसऱ्याचे धन आपल्यासाठी हलाल करणारी गोष्ट आहे ती दोघांची खुशी. कागद, शिक्का, मुद्रांक शुल्क ही त्या खुशीची साक्ष होय.

आता विचार करा, जी गोष्ट माणसाने नीट पाहिलीच नाही, तिच्याविषयी त्याची खुशी कितपत खरी? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ‘गरर’ असलेल्या विक्रीस मनाई केली, अशी हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. गरर म्हणजे ज्या व्यवहाराचा परिणाम अंधारात आहे, ज्यात आपण नेमके काय घेत आहोत हेच खरेदीदाराला ठाऊक नाही. घराची पाहणी हा अंधार दूर करण्याचा साधा उपाय आहे. तो केवळ व्यवहारचातुर्याचा भाग नाही. रजामंदी पुरी करणारे ते पाऊल आहे.

काही बांधवांना वाटते की विकणारा ओळखीचा, नमाजी माणूस आहे. त्याचे घर पुन्हा तपासणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे. ही भावना चांगल्या मनातून येते, पण तिचा आधार कच्चा आहे. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची २८२वी, नमाज किंवा रोजाविषयी नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे आणि साक्षीदार घेणे याविषयी आहे. असे लिहिणे अधिक न्याय्य, साक्षीला अधिक बळ देणारे आणि शंकेला जागा न ठेवणारे आहे, असे कारणही तिथेच दिले आहे. सूरह अल-हुजुरातने मनाई केली आहे ती माणसांविषयीच्या वाईट गुमानाला. भिंत ओली आहे का, हे पाहण्याने कुणाच्या नियतीवर बोट ठेवले जात नाही.

फकीहांनी घर कसे पाहिले

आपल्या फकीहांनी या प्रश्नाचा किती बारकाईने विचार केला आहे, हे वाचून आजच्या खरेदीदाराला आश्चर्य वाटेल. हनफी फिक्हमध्ये ‘खियारे रुयत’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. खियार म्हणजे व्यवहार पक्का ठेवण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार, आणि रुयत म्हणजे पाहणे. न पाहता वस्तू विकत घेतली, तर पाहिल्यानंतर ती ठेवावी की परत करावी, हे ठरवण्याचा अधिकार खरेदीदाराला राहतो.

या नियमाच्या मुळाशी सहाबांच्या काळातील एक जमिनीचा व्यवहार सांगितला जातो. हजरत उस्मान (रजि.) यांनी इराकमधील आपली जमीन हजरत तल्हा (रजि.) यांना विकली. जमीन दोघांनीही पाहिलेली नव्हती. लोक एकाला म्हणाले, तुमचे नुकसान झाले. दुसऱ्यालाही तेच म्हणाले. दोघांनीही उत्तर दिले की, न पाहता व्यवहार केल्यामुळे तो मोडण्याचा अधिकार मला आहे. निवाड्यासाठी हजरत जुबैर बिन मुतइम (रजि.) यांना नेमले गेले. त्यांनी हा अधिकार हजरत तल्हा यांना, म्हणजे खरेदीदाराला दिला. दोन इतके थोर सहाबा; तरीही पाहण्याचा प्रश्न उभा राहिला, मध्यस्थ नेमला गेला आणि कुणालाही त्यात अपमान वाटला नाही.

मग घर पाहिले म्हणजे नेमके किती पाहिले? मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या ‘हिदाया’ या ग्रंथात यावर एक महत्त्वाची चर्चा आहे. पूर्वीच्या हनफी इमामांच्या मते घराचे अंगण पाहिले तरी पुरे; खोल्या पाहिल्या नाहीत तरी अधिकार संपतो. इमाम जुफर (रह.) यांचे म्हणणे वेगळे होते. खोल्यांच्या आत जाणे आवश्यक आहे, असे ते म्हणत. ग्रंथकार अल्लामा मरगीनानी (रह.) यांचा इंतकाल ११९७ साली झाला. त्यांनी लिहिले आहे की, पहिले मत त्या काळच्या बांधकामाला धरून होते. तेव्हाची घरे एकसारखी असत. आता घराघरांत फरक असतो, म्हणून आत शिरून पाहणे आवश्यक आहे.

हा नियम पुढे उस्मानी सल्तनतीच्या ‘मजल्ला’ या कायदासंहितेतही आला. घर घेताना प्रत्येक खोली पाहावी. सर्व खोल्या एकाच घडणीच्या असतील, तरच एक पाहिलेली पुरे, असे तिथे म्हटले आहे. आजच्या खरेदीदाराने यातून एक गोष्ट उचलावी. बिल्डरने सजवून दाखवलेला ‘सॅम्पल फ्लॅट’ हा आपला फ्लॅट नव्हे. आपल्याला मिळणारी खोली, आपल्या मजल्यावरची, आपल्या दिशेची, आपणच पाहायची आहे.

कोकणातून पुण्या-मुंबईत आलेली आपली बहुसंख्य कुटुंबे शाफई मसलकाची आहेत. त्या मसलकाच्या ग्राह्य मतानुसार न पाहिलेल्या वस्तूची विक्री मुळातच सही ठरत नाही. इमाम नववी (रह.) यांनी ‘रौदतुत्-तालिबीन’मध्ये घर घेताना काय काय पाहावे याची यादीच दिली आहे : खोल्या, छते, गच्ची, भिंती आतून आणि बाहेरून, न्हाणीघर आणि सांडपाण्याचे गटार. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी एक मुहद्दिस आणि फकीह आपल्याला सांगतो आहे की न्हाणीघर पाहा, गटार पाहा. आजही जुन्या इमारतीत पहिला दोष निघतो तो याच दोन ठिकाणी.

पुन्हा का पाहावे

इथे कुणी म्हणेल, आम्ही विसार देण्यापूर्वी घर पाहिले होते. मग पुन्हा कशाला? फिक्हचे उत्तर स्पष्ट आहे. एखाद्याने वस्तू पाहिली आणि काही काळानंतर विकत घेतली; ती पाहिली तशीच असेल, तर त्याला खियारे रुयत राहत नाही. ती बदललेली आढळली, तर राहते. पण ती खरोखर बदलली आहे की पूर्वीपासूनच तशी होती, यावर दोघांत वाद झाला तर? काळ फार लोटलेला नसेल, तर शपथेवर विक्रेत्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि बदल सिद्ध करण्याचा भार खरेदीदारावर पडतो.

समजा, आपण एप्रिलमध्ये घर पाहून विसार दिला आणि खरेदीखत सप्टेंबरमध्ये होणार आहे. मधे पूर्ण पावसाळा गेला. एप्रिलमध्ये कोरडे दिसलेले छत आता कसे आहे? विक्रेत्याने सामान हलवताना काही तुटले का? रिकाम्या घरात कुणी राहायला आले का? सहीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी घर पाहून, जे दिसले ते दोघांनी मिळून कागदावर टिपले, तर नंतरच्या वादाचे मूळच उरत नाही. आधी पाहिलेल्या घराशी आजच्या घराची तुलना करणे, हाच या अखेरच्या पाहणीचा हेतू आहे.

दुसरा प्रश्न कुणी पाहावे हा. आपल्या वतीने ताबा घेण्यासाठी नेमलेल्या वकिलाचे, म्हणजे प्रतिनिधीचे, पाहणे हे इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते मालकाच्या पाहण्यासारखेच आहे. केवळ निरोप नेणाऱ्या माणसाचे तसे नाही. दलाल दोन्हीकडून दलाली घेणारा असेल, तर तो आपला प्रतिनिधी आहे असे मानण्यापूर्वी विचार करावा. परदेशी असलेल्या मुलाने विश्वासू भावाला किंवा मामाला स्पष्ट शब्दांत ही जबाबदारी सोपवावी. आणि ज्या घरात स्वयंपाक, मुलांचे संगोपन, आजाऱ्यांची सेवा घरच्या स्त्रियांच्या हातून व्हायची आहे, ते घर त्यांनी पाहिल्याशिवाय पाहणी पुरी झाली असे मानू नये. ओट्यावर उजेड येतो का, पाणी किती वाजता येते, म्हाताऱ्या सासूला न्हाणीघराचा उंबरा ओलांडता येईल का, हे प्रश्न त्यांनाच आधी सुचतात.

शनिवार पेठेचे उदाहरण

हे सर्व नियम एका ठिकाणी लावून पाहू, म्हणजे ते अधिक स्पष्ट होतील. पुण्याची शनिवार पेठ, जुन्या काळचे मुर्तजाबाद, ही त्यासाठी उत्तम जागा आहे. एका बाजूला मुठा नदी, दुसऱ्या टोकाला शनिवारवाडा, आणि मधे जुने वाडे व त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती. इथे घर घेणाऱ्याला डोळ्यांना दिसणारे आणि न दिसणारे, दोन्ही पाहावे लागते.

प्रथम नदी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. शनिवार पेठेची नदीलगतची वस्तीही त्यात सापडली. आजही धरणांतून विसर्ग वाढला की बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो. जलसंपदा विभागाने नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखलेली आहे. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपले घर या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे कोरड्या महिन्यात भिंतीकडे पाहून कळणार नाही. नकाशा पाहावा लागेल. तळमजल्यावरच्या वृद्ध शेजाऱ्याला विचारावे लागेल.

दुसरे स्मारक. शनिवारवाडा हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. २०१० साली दुरुस्त झालेल्या कायद्यानुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढील २०० मीटरच्या पट्ट्यात ते परवानगीनेच करता येते. दुरुस्तीलाही सक्षम अधिकाऱ्याची अनुमती लागते. एखादा जुना वाडा आज स्वस्तात मिळतो आहे आणि उद्या तो पाडून नवे घर बांधू, असा बेत असेल, तर ही मर्यादा आधी मोजून घ्यावी. बेत फसला तर विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ राहणार नाही.

तिसरा वाडा स्वतः. लाकडी खांब आणि तुळया, माती-विटांच्या भिंती, त्यात वाळवी. एकाच भिंतीला नुकताच रंग दिलेला असेल, तर तिथे का दिला, हे विचारावे. वाड्यातील दोन खोल्याच घ्यायच्या असतील, तर फिक्हचा आणखी एक नियम लक्षात ठेवावा. घर विकले की त्याची इमारत आणि कुलपांच्या किल्ल्या न सांगताही व्यवहारात येतात. मात्र मोठ्या घरातील एखादी खोली घेतली, तर जाण्या-येण्याची वाट आणि पाण्याचा हक्क आपोआप येत नाही. ‘सर्व हक्कांसह’ असे ठरवावे लागते. वाड्याचा बोळ, सामाईक जिना, नळ, शौचकूप, दुचाकी लावण्याची जागा यांचा उल्लेख खरेदीखतात आहे का, हे सहीपूर्वी वाचावे. तोंडी सांगितलेला बोळ उद्या भिंत घालून बंद होऊ शकतो.

चौथे कागद. मालमत्ता पत्रकावर कुणाची नावे आहेत, सूची क्रमांक २ मध्ये पूर्वीचे व्यवहार कसे नोंदले आहेत, बँकेचा बोजा आहे का, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का, मिळकतकर आणि सोसायटीची देणी फिटली आहेत का, वाड्यात जुने भाडेकरू आहेत का. हे सारे वकिलाकडून पूर्वीच तपासून घेतलेले असले, तरी सहीपूर्वी ताजा उतारा पुन्हा काढावा. घराप्रमाणे कागदही चार महिन्यांत बदलतात.

विकणाऱ्याची अमानत

इथवर आपण खरेदीदाराविषयी बोललो. परंतु पाहणीची अर्धी जबाबदारी विक्रेत्याची आहे. प्रेषित (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या एका राशीजवळ थांबले, त्यांनी आत हात घातला आणि बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा आपण फर्मावले की भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते. जो फसवतो त्याचा माझ्याशी संबंध नाही. ही हदीस मुस्लिममध्ये आहे. पाऊस हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता. ओल खाली दडवणे हा गुन्हा होता. छताची गळती हाही कुणाचा गुन्हा नाही. पाहुणे येण्याआधी तिच्यावर रंगाचा हात फिरवणे हा आहे.

हजरत उक्बा बिन आमिर (रजि.) यांच्या हदीसप्रमाणे एखाद्या मुस्लिमाने आपल्या भावाला दोष असलेली वस्तू तो दोष न सांगता विकणे हलाल नाही. इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने सदोष कापड दोष न सांगता विकले आणि खरेदीदार सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या विक्रीचे पैसे सदका करून टाकले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. हल्ली खरेदीखतात ‘आहे त्या स्थितीत’ असे शब्द घालतात. हनफी फिक्ह अशी अट मान्य करते, पण ठाऊक असलेला दोष लपवण्याचे पाप त्या तीन शब्दांनी धुतले जात नाही.

देशाचा कायदाही याबाबत दूर नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५व्या कलमानुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साधारण दक्षतेने न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. बिल्डरकडून नवे घर घेतले असेल, तर २०१६च्या रेरा कायद्याच्या १४व्या कलमानुसार ताब्यापासून ५ वर्षांत लक्षात आणून दिलेले बांधकामाचे दोष त्याने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे असतात. परंतु दोन्ही ठिकाणी ‘साधारण दक्षता’ आणि ‘लक्षात आणून देणे’ ही खरेदीदाराची कामे आहेत. फिक्हही हेच सांगते : दोष पाहूनही गप्प राहून सही केली, किंवा दोष कळल्यावरही घर आपले म्हणून वापरायला घेतले, तर ‘खियारे ऐब’, म्हणजे दोषामुळे घर परत करण्याचा अधिकार, संपतो.

भिंतीत दडलेला हक्क

आता या पाठातील सर्वांत नाजूक मुद्दा. घराला तडा गेला असेल तर तो गवंडी बुजवतो. घरात कुणाचा हक्क बुजवला गेला असेल, तर तो कियामतच्या दिवशी उघडा पडतो. कुणाची वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात त्या दिवशी सात जमिनींचा फास पडेल, अशी बुखारी व मुस्लिममधील हदीस आपण खुतब्यांत अनेकदा ऐकतो.

आपल्या समाजात या हक्काची मालकीण बहुधा एक बहीण असते. वडिलांचा इंतकाल होतो, घर भावांच्या ताब्यात राहते, आणि वर्षानुवर्षे वाटणी होत नाही. सूरह अन-निसाच्या ७व्या आयतीने आई-वडील व नातलग यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत, ती थोडी असो वा पुष्कळ, पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही हिस्सा ठरवून दिला आहे. तो हिस्सा मृत्यूबरोबरच त्यांचा होतो. भावाने दिला तर मिळणारी ती भेट नाही. म्हणून भाऊ आपला हिस्सा विकू शकतो, बहिणीचा विकू शकत नाही.

पुष्कळदा कागदावर बहिणीचे हक्कसोडपत्र असते आणि कायद्याच्या दृष्टीने तेवढे पुरते. पण एखाद्याचे धन त्याच्या मनाच्या खुशीवाचून हलाल होत नाही, ही हदीस खरेदीदाराने विसरू नये. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही ही मनाची खुशी नव्हे. म्हणून अखेरच्या पाहणीच्या दिवशी विक्रेत्याला अदबीने एवढे विचारावे : घर वडिलोपार्जित आहे का? किती वारस आहेत? बहिणींना त्यांचा हिस्सा पोचला का? शक्य असेल तर आपल्या घरातील स्त्रियांनी त्या भगिनींना भेटावे. उत्तर टाळले जात असेल, तर भाव कितीही चांगला असला तरी थांबावे. एका खरेदीदाराने असा प्रश्न विचारला, तर कदाचित ज्या बहिणीसाठी कुणीच बोलले नाही, तिला तिचा हक्क मिळून जाईल.

भागीदाराच्या हक्काचेही तसेच आहे. घरात किंवा बागेत ज्याचा भागीदार असेल त्याने त्याला कळवल्याशिवाय आपला हिस्सा विकू नये, असे हदीसमध्ये आले आहे. हजरत अबू राफे (रजि.) यांच्या दोन खोल्या हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आवारात होत्या. बाहेरून ५०० दीनार मिळत असताना त्यांनी त्या साद यांना ४००० दिरहमला, तेही हप्त्यांनी, दिल्या. कारण शेजाऱ्याचा हक्क अधिक आहे, हे त्यांनी प्रेषित (स.) यांच्याकडून ऐकले होते. वाड्यातील खोली घेणाऱ्याने ही हकिकत ध्यानात ठेवावी.

पाहणीचा अदब

ज्या घरात अजून कुणी राहत आहे, ते सही होईपर्यंत त्यांचे घर आहे. विसार दिल्याने आत शिरण्याचा परवाना मिळत नाही. सूरह अन-नूरच्या २७ व २८व्या आयतींनुसार परवानगी व सलाम यांशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊ नये, आणि परत जा म्हटले तर परत जावे. त्यातच अधिक पवित्रता आहे. वेळ आधी ठरवावी. नळ, खिडक्या, विजेची बटणे तपासावीत. त्या कुटुंबाची कपाटे उघडू नयेत, विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत.

दुसरा अदब जिभेचा. लोकांच्या वस्तूंची किंमत घटवू नका, ही हजरत शुऐब (अ.) यांची आपल्या कौमला दिलेली ताकीद कुरआनात अनेकदा आली आहे. भाव पाडण्यासाठी चांगल्या घराला नावे ठेवणे, नसलेला दोष दाखवणे, हे त्याच ताकिदीत येते. दोष असेल तर सांगावा आणि त्यानुसार किंमत कमी करण्याची विनंती करावी. दोष नसेल तर नाही म्हणावे. तसेच ज्या घराचा विसार दुसऱ्या भावाने देऊन ठेवला आहे, ते ‘सहज बघायला’ जाऊन अधिक किंमत देऊ करणे हदीसच्या विरुद्ध आहे.

पाहिल्यानंतर

पाहणीत सारे ठीक आढळले, तर शुक्र करून वचन पाळावे. क्षुल्लक कारण काढून मागे फिरू नये. गंभीर दोष आढळला, तर तीनच सरळ वाटा आहेत : दुरुस्ती, किमतीत कपात किंवा व्यवहार रद्द. रद्द झाल्यास विसार जप्त करणे इमाम अबू हनीफा, इमाम मालिक व इमाम शाफई (रह.) यांच्या मते जायज नाही, इमाम अहमद (रह.) यांनी त्यास मुभा दिली आहे. परंतु लपवलेल्या दोषामुळे व्यवहार मोडत असेल, तर विसार परत करण्याविषयी शंका राहू नये. ही अट साठेखतातच लिहून घ्यावी. आणि पश्चात्ताप पावलेल्याचा व्यवहार जो खुशीने रद्द करून देतो, त्याच्या चुका अल्लाह माफ करतो, ही खूशखबर विक्रेत्याने लक्षात ठेवावी.

बुखारी व मुस्लिममध्ये पूर्वीच्या एका काळातील दोन माणसांची कथा प्रेषित (स.) यांनी सांगितली आहे. एकाने दुसऱ्याकडून जमीन घेतली आणि त्यात सोन्याने भरलेले मडके निघाले. खरेदीदार ते घेऊन विक्रेत्याकडे गेला : मी जमीन घेतली होती, सोने नाही. विक्रेता म्हणाला : मी जमीन तिच्यातील सर्व वस्तूंसह विकली. दोघेही दुसऱ्याचा हक्क आपल्या घरात ठेवायला तयार नव्हते. तिसऱ्याने निवाडा केला की एकाच्या मुलाचा दुसऱ्याच्या मुलीशी निकाह करा, त्यांच्यावर ते खर्च करा आणि सदका द्या. आपल्या व्यवहारांत सोने निघत नाही. निघते ती ओल, तडा, थकलेला कर आणि विसरलेली बहीण. परंतु त्या दोघांनी स्वतःला जो प्रश्न विचारला, तोच आपणही विचारायचा आहे : यात माझे काय आणि दुसऱ्याचे काय?

हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या हदीसमध्ये वचन आहे की खरेदी-विक्री करणारे दोघे खरे बोलले आणि त्यांनी सारे स्पष्ट केले, तर त्यांच्या व्यवहारात बरकत दिली जाते, त्यांनी लपवले आणि खोटे बोलले, तर ती बरकत पुसली जाते. म्हणून सहीच्या आदल्या दिवशी दोन रकात इस्तिखाराची नमाज अदा करावी, घरच्यांना सोबत घ्यावे, दिवसाच्या उजेडात जावे, प्रत्येक खोलीत शिरावे, गच्चीवर चढावे, गटाराचे झाकण उघडून पाहावे, उरलेले प्रश्न विचारावेत, आणि जे दिसले ते दोघांनी लिहून घ्यावे. त्यानंतर अल्लाहवर भरवसा ठेवून सही करावी. तो आपल्या घरांना खऱ्या अर्थाने सकन बनवो. आमीन.